चिंगीच्या डॉक्टरताईंना

डॉक्टरताई,

डिचोलीहून तुमची बदली झाल्याचं परवा कळलं. समोर बोलायचं राहून गेलं, म्हणून चारचौघांत लिहिते.

चिंगी आमची जॅक रसेल टेरियर. ऐन चतुर्थीत तिचा डावा डोळा लाल झाला, पाणी गळू लागलं, बुबुळावर निळसर झाक आली. घरात जो तो वैद्य: कुणी म्हणे धूपाचा धूर, कुणी म्हणे मांजराची नखं. तुम्ही टॉर्च मारून पाहिलंत आणि म्हणालात, "भिंग निसटलंय." भिंगाला धरून ठेवणारे तंतू या जातीत उपजतच कच्चे असू शकतात आणि साधारण ३ ते ८ वर्षांच्या वयात तुटतात. भिंग पुढे सरकलं की डोळ्यातल्या पाण्याची वाट बंद होते, दाब चढतो आणि एक-दोन दिवसांतही नजर जाऊ शकते. त्याच रात्री तुम्ही मुंबईच्या नेत्रतज्ज्ञांना फोन लावून आम्हाला रवाना केलंत. भिंग काढावं लागलं, पण नजर वाचली. उजव्या डोळ्यात बाहुली आकसून ठेवणारे थेंब चालू आहेत.

खरे आभार मात्र त्यानंतरचे. दोष आईबाप दोघांकडून आला तरच सहसा रोग होतो, एकाकडूनच आला तर तो नुसता वाहक, आणि दोन वाहकांच्या जोडीच्या प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका, असं सांगून तुम्ही चिंगीच्या भावंडांचे पत्ते मागितलेत. कुत्र्याची जनुकचाचणी म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं आमचे बाबा अजून म्हणतात. गालाच्या आतून काडी फिरवायची, एवढंच तर काम! मडगावची बहीण दोषी निघाली. तिचे डोळे अजून चांगले आहेत, तपासणी आणि थेंब वेळेत सुरू झाले.

चिंगीच्या आईबापांच्या सत्तरी तालुक्यातल्या मालकाने त्याच जोडीची पुढची पिल्लं ठरवली होती. लोक त्याला फसव्या म्हणत होते. तुम्ही त्याच्या पडवीत बसून चहा घेतलात आणि समजावलंत: कुत्री टाकायची नाही, निर्दोष नराशी जुळवा, पिल्लं फार तर वाहक होतील. माणसाला न दुखवता हे सांगणं आमच्याकडे कुणाला जमलं नसतं. आता तो येणाऱ्या प्रत्येकाला चाचणीचा कागद आधी दाखवतो.

देव बरें करूं, ताई. त्याने तुमच्यासाठी फणसाची साटं आमच्याकडे देऊन ठेवलीत. नवा पत्ता कळवा, नाहीतर बाबा संपवतील.

तुमची,
चिंगीची आई