तुझ्या बाप्तिस्म्याचं पाणी टँकरचं होतं

ता. दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय पोरी,

प्रभू येशूच्या नावानं सलाम.

परवा रात्री तू फोनवर रडत होतीस आणि मी "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवून दिला. रागावलो नव्हतो. एक तर आपल्या घरात रेंज नाही, बोलायचं तर अंगणाच्या टोकाला जाऊन उभं राहावं लागतं आणि शेजारपाजारचे कान तिथंच असतात. दुसरं म्हणजे असल्या गोष्टी मला बोलताना सुधरत नाहीत. लिहिताना जरा सुधरतात, म्हणून हे पत्र.

तू विचारलंस, "बाबा, माझा बाप्तिस्मा खरा होता का?" तिकडच्या, पुण्यातल्या प्रार्थनेतल्या मुली म्हणतात की तान्हेपणी डोक्यावर पाणी टाकलं तो बाप्तिस्मा नव्हेच, पुरतं बुडून निघायला हवं. आणि एवढं करूनही आत्म्याचा बाप्तिस्मा झाला नाही, आत्म्याच्या भरात न शिकलेल्या अन्य भाषेत बोलता आलं नाही, तर माणूस अपुराच. तुला त्या दिवसापासून अपुरं वाटतंय.

आधी त्या दिवसाचं सांगतो. तुला तो आठवणं शक्य नाही, मला मात्र सगळा आठवतो. मे महिना होता, तू सहा महिन्यांची. गावातली सार्वजनिक विहीर आटलेली, बोअर फुसफुसत होता. पाळकसाहेब सकाळी नऊला मोटारसायकलवर आले आणि चर्चमध्ये घोटभर पाणी नाही. साडेदहाला पंचायतीचा टँकर आला. तुझी आई तुला मावशीच्या हातात देऊन पाण्याचा गुंड घेऊन रांगेत उभी राहिली, नव्या लुगड्यात. बायांनी तिला पुढे जाऊ दिलं, त्यातली एकही आपल्या चर्चच्या मंडळीतली नव्हती. ते पाणी गढूळ होतं, दोनपदरी फडक्यातून गाळलं तरी पितळी वाटीच्या तळाला माती बसली. पाळकसाहेबांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीनदा तुझ्या टाळूवर ओंजळ सोडली. तू रडली नाहीस, जीभ बाहेर काढून ओघळ चाटलास. उरलेलं पाणी आईनं लिंबाच्या आळ्यात टाकलं, कारण त्या उन्हाळ्यात पाणी फेकून देणं हे पापच होतं. मंडळीच्या रजिस्टरात ती नोंद माझ्याच अक्षरात आहे.

आता त्या मुलींचं म्हणणं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं असाच आहे, त्यात त्या चुकत नाहीत. येशू यार्देन नदीत उतरला होता. आपल्या घरात तर हा वाद साठ वर्षं जुना आहे. तुझ्या आजीचा बाप्तिस्मा अडाण नदीत झाला, पावसाळा सरता सरता, गळ्याइतक्या पाण्यात. आजोबांचा झाला चैत्रात. नदीत नुसती वाळू, म्हणून गुंडभर पाणी डोक्यावर ओतलं. आजी जन्मभर चिडवायची, "म्या तं पुरी बुडाली, तुमी अर्धे कोरडेच राह्यले." आजोबा म्हणायचे, "तुह्यी जीभ तेवढी कोरडी राह्यली असती तं बरं झालं असतं." दोघं एकाच ताटात जेवायचे आणि एकाच चटईवर गुडघे टेकायचे.

'बारा प्रेषितांची शिकवण' नावाचं एक फार जुनं लिखाण आहे, मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं. त्यात याच पेचाचं उत्तर आहे. वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड जमत नसेल तर गरम पाण्यात. दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, लिहिणारा नक्की आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखातला असणार. आणि आपल्या नागपूरचंच बघ. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या तिथं एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, तसे मोठेपणीच बुडवून देणारे बॅप्टिस्टही होते. त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या. मोठी विद्वान माणसं होती ती, वर्षानुवर्षं बोलणी करून तिथवर पोचली. मग तुझ्या खोलीतल्या चार मुलींनी एका संध्याकाळी निकाल लावावा, हे मला पटत नाही.

तरी बुडण्यात एक अर्थ आहे आणि तो शिंपडण्यात चटकन दिसत नाही, हे मी कबूल करतो. पाणी म्हणजे मरणही. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो. पुण्यात नळाला पाणी येतं, तिथं हे कळायचं नाही. इथं नाल्याला पूर येतो तेव्हा कळतं. आपला ढवळ्या बैल त्याच नाल्यात गेला, तू तेव्हा तिसरीत होतीस. नागपुरात 1845 साली मिशनचं काम सुरू करणारे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, तेही 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडूनच गेले. ज्या पाण्यासाठी आपण वर्षभर आभाळाकडे बघतो तेच पाणी माणूस नेतं. त्यात जुना माणूस सोडायचा आणि वर यायचं. ओंजळभर पाण्यातही हाच अर्थ आहे, फक्त तो नीट समजावून सांगावा लागतो. तुला मी तो समजावला नाही, ही माझी चूक. दृढीकरणाच्या, म्हणजे मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करायच्या वर्गाला पाठवलं, प्रश्नोत्तरं पाठ करून घेतली आणि झालं असं समजलो.

आता आत्म्याचं. निकदेमाला प्रभू म्हणाला की पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्म घ्यावा लागतो. दोन्ही एका दमात म्हणाला. पण कोणतं आधी? बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये' उघडून बघ. आठव्या अध्यायात शोमरोनातल्या लोकांचा बाप्तिस्मा झालेला होता, पण पेत्र आणि योहान येऊन हात ठेवेपर्यंत त्यांना पवित्र आत्मा मिळालेला नव्हता. दहाव्या अध्यायात कर्नेल्याच्या घरी उलटं: पेत्राचं बोलणं संपायच्या आत आत्मा उतरला आणि मग पेत्र म्हणतो, आता यांना पाणी कोण नाकारणार? येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला तर पाण्याचा थेंब मिळाला नाही आणि सुखलोक त्याच दिवशी मिळाला. देवानं स्वतः क्रम पाळला नाही. अन्य भाषांचं म्हणशील तर पौल करिंथकरांना सरळ विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? मी त्या देणगीला हसत नाही. तुझ्याकडून दूर नाही, त्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात 1905 साली मोठं आत्मिक संजीवन झालं, बायका-मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या. पण रमाबाईंचाच प्रवास बघ. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि पुढे स्वतःच लिहिलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ-एक वर्षं लागली. एवढी शास्त्र कोळून प्यालेली बाई! तू अजून चोवीसची आहेस.

मला हे सगळं विहिरीवरून कळतं, दुसरं मला येतं काय? आपल्या वावरातली विहीर तू बांधलेलीच पाहिलीस. खोदली तेव्हा मी दहावी नापास होऊन घरी बसलो होतो. आजोबांनी प्रार्थना केली आणि चुन्यानं जमिनीवर गोल आखला. चार हात काळी माती, मग मुरूम, मग नुसता काळा दगड. सुरुंग लावायचा, पाट्या भरून गोटे वर ओढायचे. दोन उन्हाळे गेले. लोक म्हणायचे, मास्तर, ख्रिस्ती झालात पण पाणाड्याला तरी विचारायचं. (मास्तर म्हणजे आजोबा, शाळेत कधी शिकवलं नाही, संडे स्कूल घ्यायचे म्हणून मास्तर.) एका संध्याकाळी अडतीस फुटांवर कपारीत दगड ओला दिसला. आजोबांनी तिथं तळहात टेकवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मला म्हणाले, "हात लाव." थंड होतं, बाकीचा दगड तापलेला. सकाळी बघतो तर गुडघाभर पाणी.

गावच्या विहिरीत टँकर रिकामा करायचे ते संध्याकाळपर्यंत संपायचं. आपल्या विहिरीत कुणी ओतलं नाही तरी रात्रीतून भरायची. शोमरोनी बाईला प्रभूनं याकोबाच्या विहिरीवर हेच सांगितलं की मी देईन ते पाणी माणसाच्या आत झरा होईल. त्या लोकांत झऱ्याच्या, वाहत्या पाण्यालाच जिवंत पाणी म्हणत. आणि ही गोष्ट लिहिणारा योहान आपल्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात स्वतः खुलासा करतो की जिवंत पाण्याचं हे बोलणं आत्म्याविषयी होतं.

म्हणजे तुझ्या डोक्यावर आम्ही ओतलं ते टँकरचंच, आणि ते केव्हाच सुकलं, असं तू म्हणशील. मी तसं मानत नाही. आम्ही चुन्याचा गोल आखला. इथं खणायचं, ही जागा त्याची, असं सगळ्या मंडळीसमोर ठरवून दिलं. खणणं तुझं. झरा कुणी ओढून आणू शकत नाही, मी नाही, तू नाही, तुझ्या प्रार्थनेतल्या मुलीही नाहीत. जागा बदलून दुसरा गोल आखला म्हणून तो लवकर लागेल असंही नाही.

माझ्या बाबतीत तो केव्हा लागला हे तुला कधी सांगितलं नव्हतं. लाज वाटते म्हणून. तुझ्या काकाशी आपलं सहा वर्षं बोलणं नव्हतं हे तुला माहीत आहे. कारण तुला सांगितलं ते अर्धंच. दोघांच्या वावरामधला धुरा, म्हणजे बांध, मी दर वर्षी नांगरताना वीतभर कोरत होतो. वीत वीत करून पऱ्हाटीच्या चार ओळी माझ्याकडे आल्या. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आणि त्या सहा वर्षांत मी मंडळीचा वडील (एल्डर) होतो, रजिस्टर लिहीत होतो, गीतं सांगत होतो. एका रविवारी प्रभुभोजनाची थाळी माझ्यासमोर आली आणि माझा हात उचलेना. आवाज नाही, उजेड नाही, काही नाही. फक्त हात उचलेना. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं ते आठवलं, अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाकडे जा. मी उठून बाहेर पडलो. तुझ्या आईला वाटलं, मला भोवळ आली.

काका वावरातच होता, पंपाचा गाळ साफ करत होता. मी म्हणालो, "धुरा मी कोरला. उद्या मोजून घे." त्यानं वर पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं फवारणीची बादली बाजूला सारून घागरीतलं पाणी लोट्यात घेतलं, माझ्यापुढं धरलं आणि म्हणाला, "ऊन लई हाय. पाणी पे." मी प्यालो आणि तिथंच धुऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. बाप्तिस्मा होऊन त्रेचाळीस वर्षं होत आली होती.

बाप्तिस्मा करणारा योहान म्हणाला की माझ्यामागून येणारा पवित्र आत्म्यानं आणि अग्नीनं बाप्तिस्मा देईल. लगेच पुढच्या ओळीत काय आहे? त्याच्या हाती सूप आहे आणि तो आपलं खळं साफ करील. हे वाक्य शहरात कुणी समजावत नाही. उफणताना सुपातलं धान्य हळूहळू सोडायचं आणि वारा यायची वाट बघायची. वारा पडला तर कितीही ओरडा, भूस हलत नाही. वारा आला की गहू पायाशी पडतो आणि भूस आपोआप लांब जातं. तुझ्यातलं भूस जातंय का, एवढं बघ. वॉर्डात त्या म्हाताऱ्या पेशंटचे पाय पुसताना तुला किळस येईनाशी झाली, असं दिवाळीत तू आईला सांगत होतीस. मी ओसरीत बसून ऐकत होतो.

तरीही तुला पाण्यात उतरावंसं वाटलं तर? माझं मत सांगतो, एक प्रभू, एक विश्वास, एकच बाप्तिस्मा. दुसरा घ्यायची गरज नाही. पण भीतीपोटी घेऊ नकोस, एवढीच खरी विनवणी. कुणी म्हणालं की नाहीतर नरकात जाशील, तर तिथून उठ. आणि आनंदानं घ्यावासा वाटला तर मला आधी कळव. मी भांडेन, मग एसटी धरून येईन आणि काठावर तुझा टॉवेल घेऊन उभा राहीन.

यंदा ईस्टरनंतर विहिरीचा गाळ काढायचा आहे. झरा बुजत चाललाय, दोन तास पंप चालला की हवा ओढतो. काका आणि त्याची पोरं येणार आहेत. तुला सुट्टी मिळाली तर ये, खाली उतरू देणार नाही, वर दोराला उभी राहा. आई खारोड्या आणि नव्या तुरीची डाळ पाठवतेय. डाळीच्या डब्यात खाली एक चिंधी आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशी तुझ्या अंगावर होतं त्या झबल्याची ती. फेकू नकोस म्हणाली.

तुझा बाबा