विहिरीतल्या वडासाठी तात्यांना पत्र

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

नात हे तुम्हाला वाचून दाखवेल. उघडं पत्र अशासाठी, की माझ्यासारखी बोन्सायची हौस असलेली, रानातलं झाड खणून आणणारी आणि ते महिन्याभरात गमावणारी माणसं पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कामी यावं.

तुमची-माझी ओळखच मुळी मेलेल्या झाडावरून झाली. मामाच्या बांधावरची बोर मी त्याला विचारून खणली होती. वनखात्याच्या हद्दीतून काही आणायचं नाही हे मी पहिल्यापासून पाळते, बांधावरचं झाड मात्र हक्काचं वाटलं. खोड काय सुंदर होतं! शेळ्यांनी वर्षानुवर्षं खाऊन खाऊन बुटकं आणि पिळदार झालेलं. पण खाली एकच सोटमूळ, सरळ मुरमात गेलेलं. बारीक तंतुमुळं खोडाजवळ जवळजवळ नव्हतीच. मी ते सोटमूळ हातभरावर तोडलं आणि बोर कुंडीत घालून पुण्याला आणली. पंधरा दिवसांत फुटवा आला, मी आनंदानं सगळ्यांना फोटो पाठवले. पुढच्या पंधरवड्यात सगळं वाळलं. तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "फुटवा खोडातल्या साठ्यावर बी येतो पोरी, त्याच्यावर जाऊ नगं." हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तुमच्या विहिरीतला वड. काठापासून दोन हात खाली, दगडांच्या फटीत कुठल्याशा पाखरानं टाकलेल्या बीचा. मनगटाहून जाड खोड आणि पाण्याच्या ओढीनं भिंतीलगत खाली गेलेली चार-पाच लांबलचक मुळं. दगड सुटायला लागले होते, म्हणून उन्हाळ्यातच तुम्ही त्याला तोडणार होता. मी म्हटलं, मी उपटून नेते. तुम्ही खाली वाकून बुंधा चाचपलात आणि म्हणालात, "ह्याला बुडात मूळच न्हाई. न्हेऊन काय करशील? आधी मूळ फोडू, मग न्हे."

सांगोल्याकडं डाळिंबाच्या गुट्या बांधण्यात, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून घेण्यात, तुमचं आयुष्य गेलं. तोच हात तुम्ही त्या वडाला लावलात. आषाढीच्या आदल्या आठवड्यात विहिरीच्या दगडी पायरीवर बसून, जुन्या मुळांच्या वर, खोडाभोवती दोन-अडीच बोटं रुंदीची साल गोल काढलीत. चीक पुसून काढलात आणि आतला बुळबुळीत थर खरवडून टाकलात. तो राहिला तर साल पुन्हा जुळते, हे तुम्ही दोनदा बजावलंत. वरच्या काठाला मुळं फुटायची पावडर लावलीत, भिजवून पिळलेलं शेवाळ भोवती दाबून बसवलंत, वर प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीनं आवळलीत आणि ऊन लागू नये म्हणून गोणपाट बांधलंत. झाड लाकडातून पाणी वर ओढतच राहतं. पानांनी केलेलं अन्न मात्र सालीतून खाली यायचं, ते कापलेल्या जागी अडतं आणि तिथंच मुळं फुटतात. पुस्तकात वाचलेलं मला त्या पायरीवर कळलं.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते दुसरंच. गवंडी ठरलेला होता, दगड येऊन पडले होते, आणि तुम्ही विहिरीचं काम दोन महिने पुढं ढकललंत. कुंडीतल्या एका झाडासाठी, तेही परक्या पोरीच्या.

श्रावण सरता सरता तुमचा फोन आला. प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसत होती, तरी तुम्ही ती तपकिरी होईपर्यंत आठवडाभर आणखी थांबवलंत. मग नव्या मुळांच्या खाली करवत चालवलीत. मी ते झाड जाड वाळू आणि विटेच्या चुऱ्यात लावलं, निम्मी पानं काढली, खोड तारेनं कुंडीला घट्ट बांधलं आणि सावलीत ठेवलं. खत दिलं नाही. मुळं आलीत का हे बघायला उपटूनही पाहिलं नाही, बोरीच्या वेळी मी ते तीनदा केलं होतं. कुंडी हलली की नवी कोवळी मुळं तुटतात हे आता मनात पक्कं बसलंय.

तात्या, झाड जगलंय. बुंध्याभोवती चहूबाजूंनी मुळं पसरलीत. बोन्साय करणारे ह्या पसाऱ्याला जपानी शब्दानं नेबारी म्हणतात आणि त्यासाठी वर्षानुवर्षं खपतात. विहिरीतल्या त्या वडाला ती मुळं तुमच्या गुटीनं दिली.

मामाच्या बांधावरच्या दुसऱ्या बोरीला, खणण्याआधीच खोडाजवळ तंतुमुळं फुटावीत म्हणून, तुम्ही निम्म्या बाजूनं चर मारून, तिकडची मुळं तोडून, शेणखत-माती भरून ठेवलीत असं नात म्हणाली. दुसरी बाजू पुढच्या पावसाळ्यात करायची ना? मी येईन. तोवर तिला एकट्यानं हात लावू नका, गुडघा सांभाळा.

तुमची,
पुण्याची पोर