दुकान बंद करायचं नाहीये

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर आई मध्येच रडली असती आणि बाबा, तुम्ही "बरं, बघू" म्हणून फोन तिच्या हातात दिला असता. म्हणून सविस्तर लिहितेय. मी पुण्याची नोकरी सोडली आहे. राजीनामा मंजूर झालाय. जुलैपासून हैदराबादला, एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत, कॉन्टॅक्ट लेन्सच्या फेलोशिपला जातेय.

आधी विचारलं का नाही, असं तुमच्या मनात येईल. बाबा, विचारलं असतं तर तुम्ही "जा"च म्हणाला असता, आणि आपल्या चष्म्याच्या दुकानाबद्दल एक अक्षर काढलं नसतं. मग रात्री कितीतरी वेळ ओट्यावर बसून राहिला असता. ते मला नको होतं.

पैशांचं आधी सांगते, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. विद्यावेतन पगारापेक्षा कमी आहे, पण स्कूटीचे हप्ते फिटलेत आणि वर्षभर पुरेल एवढं मी बाजूला टाकलंय. घरी पाठवते ते पैसे पूर्वीसारखेच येत राहतील. दादाकडे मागू नका, त्याचं घराचं काम निघालंय.

तुम्ही म्हणाल, चष्म्याच्या मोठ्या दुकानात एवढी चांगली नोकरी, एसीत बसून काम, मग हे कशाला? बाबा, उत्तर तुमच्याच खुर्चीपाशी आहे. ओंकार आठवतोय ना? दर सहा महिन्यांनी त्याचा सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाच्या असमान वक्रतेचा नंबर, वाढायचा आणि कितीही काचा बदलल्या तरी शेवटच्या ओळी काही वाचता यायच्या नाहीत. डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचा तो रेटिनोस्कोप तुम्ही फिरवलात आणि थांबलात. मी शेजारी बसून ट्रायल बॉक्सच्या काचा पुसत होते. "सावली कात्रीसारखी चालतेय," एवढंच म्हणालात, आणि नवा चष्मा न विकता त्याच्या आईला सोलापूरला पाठवलंत. तुमच्याकडे बुबुळाचा नकाशा काढणारं टोपोग्राफीचं यंत्र नव्हतं, ऑप्टोमेट्रीची, म्हणजे डोळे तपासणीची, पदवी नव्हती, तरी तुम्ही केराटोकोनस, बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार, ओळखलात. नंतर चार वर्षं पुण्यात शिकले, पण तो धडा मला तुम्ही दिलाय. ओंकारच्या बाबतीत तुम्ही कुठे कमी पडलात असं मनात आणूच नका.

कमी पडलं ते पुढे. सोलापूरला क्रॉस-लिंकिंग झालं. रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील किरण दिले, बुबुळाला बळकटी आली, आजार पुढे सरकायचा थांबला. पण शंकूसारखं पुढे आलेलं बुबुळ त्याने पुन्हा गोल होत नाही, आणि वेड्यावाकड्या पृष्ठभागावर चष्म्याची काच किती करणार? तिथे कडक लेन्सच लागते. लेन्स आणि बुबुळ यांच्या मधली जागा अश्रूंनी भरून निघते, डोळ्यासमोर नवा, गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतो, म्हणून दिसतं. ओंकारला एका मोठ्या शहरात तशी लेन्स करून दिलीही होती. पण ती टोचायची. पुन्हा दाखवायला जायचं म्हणजे दोघांचं भाडं आणि त्याच्या वडिलांची मजुरी बुडणार. लेन्स डबीत पडून राहिली. आज तो मार्केट यार्डात पाटीवरचे तुरीचे भाव डोळे बारीक करकरून वाचतो. गेल्या दिवाळीत मी नुसती एक ट्रायल लेन्स घालून बघितली, तर त्याने ६/९ ची ओळ घडाघडा वाचली. त्याच्या आईने माझे हात धरले तेव्हा मला बोलता येईना. एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्या पोराने कॉलेज सोडलंय.

आणि तो एकटा नाही. नागपूर भागातल्या खेड्यांत तिशीच्या पुढच्या साडेचार हजारांहून जास्त लोकांचे डोळे तपासले होते, त्याचा अहवाल २००९ साली आला. बुबुळाची वक्रता ४८ डायऑप्टरच्या पुढे असेल तर केराटोकोनस, असं धरून तो शंभरात दोघांहून जास्त जणांना निघाला. हा निकष जरा ढोबळ आहे, पण त्यातले अर्धे धरले तरी आपल्या तालुक्यात किती होतील, तुम्हीच हिशेब करा. यांना लेन्स बसवून देणारा माणूस बार्शीत आहे का? आसपास तरी कुठे आहे?

लेन्स बसवणं म्हणजे नंबर लिहून ऑर्डर देणं नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. फ्लुरोसिन या चमकणाऱ्या रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात बघायचं. जिथे हिरवं चमकतं तिथे अश्रू साठलेत, जिथे काळं दिसतं तिथे लेन्स टेकलीय. शंकूच्या टोकावर ती दाबून बसली तर आज दिसेल छान, पण पुढे तिथे व्रण येऊ शकतो. वक्रता एका दशांश मिलिमीटरने बदलली तरी सगळं चित्र बदलतं. ओंकारची लेन्स टोचत होती म्हणजे ती टाकून द्यायची नव्हती, पुन्हा जुळवायची होती. त्याच्या गावात ते करणारं कुणी नव्हतं.

स्क्लेरल लेन्सचं तर वेगळंच आहे. ही मोठी लेन्स बुबुळाला शिवतच नाही, पांढऱ्या भागावर टेकते आणि बुबुळावरून कमान करून जाते. बाबा, तुम्हाला जुन्या गोष्टी आवडतात म्हणून सांगते, १८८८ साली झुरिकच्या फिक नावाच्या डॉक्टरांनी काचेच्या लेन्स केल्या, त्या अशाच पांढऱ्या भागावर बसणाऱ्या होत्या. काचेतून प्राणवायू जात नाही म्हणून फार वेळ घालता यायच्या नाहीत. प्राणवायू जाऊ देणारं प्लास्टिक आल्यावर त्या १९८० च्या दशकात नव्याने आल्या.

ती घालताना वाटीत काठोकाठ सलाइन भरायचं, तेही परिरक्षक नसलेलं. पेशंटला मान खाली घालून चेहरा अगदी जमिनीला समांतर ठेवायला सांगायचं आणि लेन्स खालून वर न्यायची. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी काढून पुन्हा. मग लेन्स आणि बुबुळ यांच्या मधलं अंतर मोजायचं. सुरुवातीला साधारण २०० ते ३०० मायक्रॉन असावं, कारण काही तासांत लेन्स खाली बसते. म्हणून पेशंटला थांबवून ठेवून पुन्हा बघावं लागतं. कडेच्या रक्तवाहिन्या पांढऱ्या पडल्या तर लेन्स घट्ट आहे. यातलं काहीही घाईत होत नाही, आणि पाच-पाच मिनिटाला पेशंट उरकायच्या दुकानात याला वेळ देत नाहीत. नोकरी सोडण्याचं खरं कारण हे आहे.

धाराशिवकडची एक बाई आमच्या सिनियर मॅडमकडे आली होती. फिट्सच्या गोळीची रिअ‍ॅक्शन होऊन स्टीव्हन्स-जॉन्सन, म्हणजे कातडी आणि डोळे सोलवटणारा आजार, झाला होता, अश्रू जवळपास आटलेले. घरातसुद्धा काळा गॉगल, सारखे थेंब. स्क्लेरल लेन्समागे सलाइनचा साठा राहतो, त्यामुळे बुबुळ दिवसभर ओलं राहतं आणि पापणीची घासणी लागत नाही. मॅडमनी लेन्स बसवली, मी हाताखाली होते. अर्ध्या तासाने तिने गॉगल काढून पदराला पुसला आणि मला विचारलं, "मॅडम, हे घालून चुलीपुढं बसलं तर चालंल का?" आई, मला तुझीच आठवण झाली. तिला मी सगळं सावकाश समजावलं: हात धुऊन कोरडे करायचे, लेन्सला नळाचं पाणी कधीही लावायचं नाही, त्यात अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो आणि तो डोळा घालवू शकतो, लेन्स काढताना रबरी प्लंजर मध्यभागी लावून ओढायचा नाही, कडेला लावायचा. तिने ते सगळं मला परत म्हणून दाखवलं, शाळेतल्या मुलीसारखं. अशी कामं करायची आहेत मला.

पण मी एकटीने बसवून किती बसवणार? म्हणून फेलोशिपनंतर मला शिकवायचं आहे. कॉलेजात आम्हाला स्क्लेरल लेन्स हाताळायला मिळाली ती बोटावर मोजण्याइतकी. पुस्तकातली चित्रं पाठ, पण समोर डोळा आला की हात थरथरतो आणि मग माणूस "लेन्स तुम्हाला चालणार नाही" म्हणून मोकळा होतो. आयॅकल म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स शिकवणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९७९ पासूनची. शिकवणाऱ्यालाच नीट तयार केलं की तो पुढे शेकडोंना तयार करतो, हा तिचा विचार मला फार पटतो. २०२१ च्या कायद्याने आता आमचा पेशाही राष्ट्रीय आयोगाखाली आलाय, म्हणजे चांगल्या शिकवणाऱ्यांची गरज वाढणारच. सोलापूर, लातूर, धाराशिव, नांदेड इथल्या ऑप्टोमेट्रिस्टना रविवारी एकत्र आणून, ट्रायल सेट आणि खरे पेशंट समोर ठेवून मराठीतून शिकवायचं, हे मी पक्कं केलंय.

आता दुकान. बाबा, हे वाक्य दोनदा वाचा: दुकान बंद करायचं नाहीये. तात्यांनी लावलेली पाटी तिथेच राहणार. मी रोज काउंटरवर बसणार नाही, एवढंच. रमेशकाका फ्रेम आणि फिटिंग बघतात तसंच बघू देत, नंबर काढायला एखादा नवा शिकलेला मुलगा ठेवा, त्याच्याशी मी बोलेन. मागची खोली, जिथे चष्म्यांच्या जुन्या केसेसचे खोके आहेत, ती मात्र कुणाला देऊ नका. डोळा मोठा करून बघायचं यंत्र, स्लिट लॅम्प, मी आणणार आहे आणि लेन्सचे पेशंट तिथेच बघणार आहे. पहिला नंबर ओंकारचा.

हैदराबाद लांब वाटेल, पण सोलापूरहून तीनशेच्या आसपास किलोमीटर आहे, रात्री गाडीत बसलं की सकाळी पोचतं माणूस. राहायला मुलींचं होस्टेल बघितलंय, दाराला रखवालदार आहे, खोलीत दुसरी मुलगी लातूरची आहे. तिथे ज्वारी मिळते आई, आणि लातूरचीला भाकरी येते, मला नाही आली तरी उपाशी राहणार नाही. शेंगाची चटणी तेवढी दे, पण थोडी. मागच्या वेळेसारखा पाच किलोचा डबा नको. लहानपणी ताप आला की बाबा माझ्या कपाळावर ओला रुमाल ठेवून तक्त्यावरची अक्षरं पाठ म्हणायला लावायचे, आणि मी खालच्या ओळीपर्यंत पोचायच्या आत झोपायचे. परगावी आजारी पडले की अजून तीच अक्षरं म्हणते.

बरं, आता माझं ऐका. बाबा, काचबिंदूचे थेंब "आज डोळा बरा वाटतोय" म्हणून चुकवायचे नाहीत. प्रेशर वाढलेलं बहुतेक वेळा जाणवत नाही, म्हणून तर तो आजार फसवा. थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, आणि दोन बाटल्यांमध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची. फील्ड टेस्टची, म्हणजे नजरेचा घेर तपासायची, तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. काचबिंदू घराण्यात चालतो, म्हणून दादाला प्रेशर तपासायला लावा, माझं मी बघून घेतलंय. शुगरचा रिपोर्ट मला फोटो काढून पाठवायचा, तोंडी "नॉर्मल आहे" चालणार नाही. आई, डोळ्यात गुलाबपाणी घालणं बंद. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर नक्की करायचंय, मी रजा घेऊन येईन, तोवर संध्याकाळी देवळात एकटी जाऊ नकोस, पायऱ्या तुला दिसत नाहीत आणि तू कबूल करत नाहीस. ओरडत नाहीये. काळजी वाटते.

दुकानातही एक करा. दहा ते वीस वर्षांचं कुणी सारखा सिलिंडर वाढतोय म्हणून आलं, की चष्मा देण्याआधी टोपोग्राफीला पाठवा आणि डोळे चोळू नको म्हणून बजावून सांगा. नाव आणि फोन वहीत लिहून ठेवा. रमेशकाकांनाही सांगा.

मी शनिवारी येतेय, आठवडाभर राहीन. बाबा, तेव्हा राग असेल तर तोंडावर बोला, मनात ठेवू नका. आणि तुमचा जुना रेटिनोस्कोप मला हवाय. विकत नवा घेता येतो हे माहीत आहे. तरी तोच द्या.

तुमची,
मनू