माळावरचं केंद्र

सोलापूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा नान्नजच्या माळढोक अभयारण्यात होतो, वाऱ्यात धड ऐकू येईना, म्हणून हे पत्र. माळाजवळ पर्यटकांसाठी माहिती केंद्र बांधायचंय आणि आराखडा माझ्याकडे आलाय.

पहिल्याच बैठकीत काय सूचना आली सांगू? "भोवती झाडं लावा, पर्यावरणपूरक दिसेल." अरे, माळढोक उघड्या गवताचा पक्षी! भुईवरच एखादं अंडं घालतो, चौफेर लांबवर नजर पोचली तरच निर्धास्त असतो. 1979 मध्ये अभयारण्य झालं ते त्याच्यासाठी. आता तो दिसला तर नशीबच म्हणायचं, पण धाविक, चंडोल, काळवीट, लांडगा अजून याच माळावर जगतात. झाडं वाढवली की शिकारी पक्ष्यांना टेहळणीच्या जागा आयत्याच मिळतात. म्हणून झाड नाही, लॉन नाही. कुसळी आणि पवन्या ही इथली गवतं आहेत तशी राहतील. निरीक्षण मनोराही खोडला. थोडी वादावादी झाली, होऊ दे.

इमारत उतारात अर्धी खाली बसवलीय. खोदाईचा मुरूम पायवाटांना वापरायचा, भिंती इथल्याच काळ्या दगडाच्या. पश्चिमेची भिंत बंद, उत्तरेला खोल झरोके. मोठ्या काचेत आभाळ दिसतं आणि पाखरं येऊन आपटतात. वीज जमिनीखालून आणायची, कारण माळढोक अंगानं जड, त्यात त्याला समोरचं कमी दिसतं. तारांना धडकून मरतो.

खरा जीव अडकलाय तो छतात. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत घालतोय बे! तुळया, त्यावर किलचनं, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या दाटीनं, मग निंबाचा पाला, चिखल आणि वर पांढरी माती. मे महिन्यातली दुपारची झळ एवढ्या मातीतून आत उतरेपर्यंत संध्याकाळ होते, तोवर केंद्राला कुलूप. एसीचं कोटेशन परत पाठवून दिलं. पण माळवदाला दरवर्षी मृगाआधी डागडुजी लागते आणि ती कोण करणार ते टेंडरमध्ये कुठंच नाही. म्हणून मातीखाली जलरोधक थर टाकतोय. परंपरावाल्यांनी खुशाल नाकं मुरडावीत, गळक्या छताखाली माळढोकाची चित्रं टांगायची नाहीत मला.

पाण्याचा हिशेब सोपा. छत 300 चौरस मीटर, म्हणजे 1 मिलिमीटर पावसाला 300 लिटर. वर्षाला 500 मिलिमीटर पडला आणि त्यातलं निम्मं मातीनं खाल्लं, तरी 75 हजार लिटर टाकीत येतं. गाळून संडासांना वापरता येईल.

आता तुझं काम. वैरागच्या तुमच्या वाड्याला पांढरी कुठून आणायचे, तेवढं आण्णांना विचार. आणि किलचनं बसवणारा जुना सुतार कुणी उरला असेल तर त्याचा नंबर लगेच पाठव. पावसाच्या आत नमुन्याचा एक खण तरी घालून बघायचाय.

तुझा,
महेश