ऑफर लेटर वाचून

कसबा पेठ, पुणे

प्रिय चि. ओंकारास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेम कंपनीचं तुझं ऑफर लेटर पाहिलं. पगाराचा आकडा आईने शेजारी सांगूनही झाला. मी चष्मा लावून वेगळंच शोधत होतो: गेमवर तुझं नाव येणार का? त्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

हसू नकोस. अप्पा बळवंत चौकाजवळच्या छापखान्यात मी १९ वर्षं खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले. पुस्तकावर मुद्रकाचं नाव तेव्हा कायद्यानेच छापावं लागे, म्हणून मालक हजारो पानांवर आहेत. खिळे जुळवणारा कंपोझिटर कुठेच नाही. आमच्या लग्नाची पत्रिका मीच जुळवली होती. माझ्या हातच्या कामावर माझं नाव आलं ते तेवढंच, तेही नवरदेव म्हणून.

तुझ्या धंद्याचंही तेच. १९७२ साली अटारी या अमेरिकन कंपनीने ‘पाँग’ या व्हिडिओ गेमचं, नाणं टाकून खेळायचं पहिलं यंत्र कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या एका बारमध्ये ठेवलं. थोड्याच दिवसांत बंद पडलं म्हणून ते बनवणारा ॲलन ऑल्कॉर्न दुरुस्तीला गेला, तर बिघाड कसला, नाण्यांनी डबा तुंबला होता! पुढे घरोघरी कार्ट्रिज, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या यंत्रात खोचायच्या गेमच्या डब्या, जाऊ लागली. एकेक गेम एकेकटा माणूस लिहायचा, पण डब्यावर नाव फक्त कंपनीचं. १९७९ मध्ये अटारीतलेच चार प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. तिच्या डब्यांवर गेम करणाऱ्याचं नाव असे.

मला आवडला तो अटारीतलाच वॉरन रॉबिनेट. ‘ॲडव्हेंचर’ हा गेम त्याने एकट्याने, ४ किलोबाइटांत, म्हणजे अगदी इवल्याशा जागेत, बसवला. (आमच्याकडेही एक ओळ जास्त झाली की असाच घाम फुटायचा.) त्यातच त्याने एक गुप्त खोली केली. जमिनीच्याच रंगाचा एक ठिपका सापडला आणि तो योग्य भिंतीपाशी नेला तरच आत जाता येई. आत काय, तर त्याचं नाव! साहेबांना पत्ता नाही. एका मुलाने पत्र लिहून कळवलं, तोवर हा नोकरी सोडून गेलेला.

दुसरी गोष्ट वेळेची. १९८२ च्या नाताळात विकायला हवा म्हणून अटारीने ‘ई. टी.’ हा गेम हॉवर्ड स्कॉट वॉरशॉकडून साधारण पाच आठवड्यांत करून घेतला. अपेक्षेइतका खप झाला नाही. दुकानं आधीच भाराभर सुमार गेमनी भरली होती. पुढच्या वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजारच बसला. उरलेल्यातली बरीच कार्ट्रिज न्यू मेक्सिकोत खड्ड्यात पुरली, त्यातली काही २०१४ मध्ये उकरून काढली. दोष मात्र कित्येक वर्षं वॉरशॉच्याच माथी. दिवाळी अंकाच्या घाईत चुका आमच्याही व्हायच्या, आणि त्या कोणाच्या नावावर जायच्या ते तुला माहीत आहे.

तेव्हा सही करण्याआधी दोन्ही विचार: नाव कुठे येणार, आणि एका गेमला किती आठवडे देतात. लाजू नकोस.

आईने डिंकाचे लाडू केलेत. आणि एखादी गुप्त खोली केलीस तर वाट मला आधीच सांगून ठेव, मला काही ती सापडायची नाही.

तुझा,
बाबा