वसईची बावखले वारशात मोडत नाहीत काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रायगडापासून तमिळनाडूतील जिंजीपर्यंतचे बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले, याचा प्रत्येक मराठी माणसाप्रमाणे मलाही अभिमान वाटला. ही नोंद 'मराठा मिलिटरी लँडस्केप्स' या नावाने झाली आहे. म्हणजे तट आणि बुरूज सुटे न पाहता, सह्याद्रीचे कडे, कोकणचा किनारा आणि ते नेमके ओळखून बांधकाम करणारा समाज यांचा विचार तिथे एकत्र केला गेला. हाच विचार आपण वसईच्या हिरव्या पट्ट्याला का लावत नाही, हा प्रश्न आपल्या वृत्तपत्राद्वारे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वसईचा वारसा म्हटले की भुईकोट किल्ला, जुनी चर्च आणि सोपाऱ्याचा स्तूप यांची नावे घेतली जातात, आणि ती घ्यायलाच हवीत. पण वसईतल्या वाड्या निसर्गाने आयत्या दिल्या आहेत, असे जे सर्रास बोलले जाते ते खरे नाही. किनाऱ्याकडून पूर्वेला चालत गेले, तर प्रत्येक समाजाने आपल्या उपजीविकेप्रमाणे जमीन कशी घडवली हे डोळ्यांनी दिसते. समुद्रालगत कोळीवाडे आणि बोंबील वाळवण्याच्या वलांड्या. त्यामागे वाडवळ, सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती, म्हणजेच कुपारी, यांच्या केळीच्या, पानवेलींच्या आणि फुलांच्या वाड्या. आणि पलीकडे खाडीच्या बाजूला आगरी समाजाची खारजमीन आणि मिठागरे. एकाच तालुक्यातली माती, परंतु तिच्यावर उभ्या राहिलेल्या या तीन वेगळ्या रचना आहेत.

यांपैकी वाडीची रचना बावखलावर उभी आहे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खणलेले गोड्या पाण्याचे तळे. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर तरंगून राहते. ते हळूहळू उपसले तर वर्षभर पुरते, आणि अधाशासारखे उपसले तर खालचे खारे पाणी वर सरकते. आमच्या आजोबांच्या बावखलावर रहाट होता. बैल जेवढा फिरेल तेवढेच पाणी पाटाने आळ्यांपर्यंत जाई, त्यामुळे उपशाला आपोआप मर्यादा राहत असे. उन्हाळ्यात तळाचा गाळ काढून केळीच्या बुंध्याशी टाकायचा आणि काठची झाडे तोडायची नाहीत, हे नियम कुठेही लिहिलेले नव्हते. ते घरातल्या मुलांना कामातूनच कळत. दादरच्या बाजारात जाणारा सोनचाफा आणि राजेळी केळ्यांपासून होणारी सुकेळी यांच्यामागे हे सगळे ज्ञान आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत, दोनशेहून अधिक वर्षे इथे पोर्तुगीजांची सत्ता होती आणि त्या काळात अनेक घरांचा धर्म बदलला. अंगणात कुठे तुळशीवृंदावन राहिले, कुठे क्रूस उभा राहिला. पण वाडी करण्याची पद्धत दोन्ही घरांत तीच राहिली. आमच्या शेजारी हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या वाड्या एकाच बावखलाच्या पाण्यावर पोसल्या गेल्या आहेत. माणसाची ओळख धर्माच्या रकान्यात जेवढी असते, तेवढीच ती पाणी वापरण्याच्या रीतीतही असते, हे मला त्या काठावर कळले. म्हणूनच १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा सर्व धर्मांची माणसे त्यात उतरली.

आज मात्र बावखले एकेक करून बुजवली जात आहेत. ती बहुतेक खाजगी मालकीची असल्याने भराव रात्रीत पडतो आणि सकाळी विचारणारे कोणी नसते. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतले एक बावखल असेच बुजले. मी संबंधित कार्यालयात तक्रार केली, तेव्हा 'तो तर खड्डा होता' असे उत्तर मिळाले. त्या उत्तराचा विषाद आजही माझ्या मनातून गेलेला नाही. जुलै २०१८ च्या पावसात वसईत कित्येक दिवस पाणी साचून राहिले, मिठागरांतील कामगार अडकून पडले, रेल्वे बंद झाली. पूर येण्याला एकच कारण नसते, हे मी जाणतो. पण पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवणाऱ्या जागा बुजवल्यावर ते पाणी कुठे जाणार? नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना मी यासाठी दोष देत नाही. त्यांनाही घर हवे आणि नळाला पाणी हवे. चूक आराखडा आखताना इथल्या जमिनीची रचना न वाचणाऱ्यांची आहे.

बाली बेटावरील भातखाचरांची 'सुबक' ही सामूहिक पाणीवाटपाची व्यवस्था २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरली. वसईसाठी एवढ्या मोठ्या मानाची मागणी मी करीत नाही. महापालिकेने आणि महसूल विभागाने गाववार बावखलांची मोजणी करावी, विकास आराखड्यात त्यांची जलाशय म्हणून स्वतंत्र नोंद घ्यावी, आणि बावखल राखणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सवलत द्यावी, एवढेच मागणे आहे. तोटा सोसून गावाचे पाणी सांभाळावे, ही अपेक्षा एकट्या वाडीवाल्याकडून करणे न्यायाचे नाही.

ही मोजणी एप्रिल-मे महिन्यांत व्हावी, कारण पाणी खाली गेल्यावर भराव कुठवर आला आहे ते स्पष्ट दिसते. आणि मोजणी करणाऱ्यांनी गावातील सत्तरी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांना बरोबर न्यावे. बुजलेली बावखले नेमकी कुठे होती, हे आता त्यांनाच दाखवता येईल.

आपला नम्र,
एक वाचक, वसई (जि. पालघर)