ग्राफिक्सच्या करिअरला गणिताची बैठक हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की खानदेशात गावोगावी ‘कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये करिअर’ असे फलक झळकू लागतात आणि मुलाला कॉम्प्युटरची आवड आहे एवढ्याच भांडवलावर पालक फी भरून मोकळे होतात. अशा बहुतेक वर्गांत फोटोशॉप आणि कोरलड्रॉ शिकवले जाते. बॅनर, लग्नपत्रिका, जाहिराती यांवर अनेक घरे चालतात, त्यामुळे त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्या सॉफ्टवेअरवर ही चित्रे तयार होतात ते सॉफ्टवेअर लिहिणे, म्हणजे ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग, हा निराळा व्यवसाय आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही. माझ्या परिचयातील एका मुलाने गेम तयार करायला शिकवू या आश्वासनावर वर्षभराची फी भरली. हाती लागले ते मेन्यूतील बटणांचे पाठांतर.

या व्यवसायाला गणित लागते आणि सी प्लस प्लससारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर हुकमत लागते. 1920 बाय 1080 च्या साध्या पडद्यावर 20,73,600 बिंदू असतात. गेम सेकंदाला 60 चित्रे दाखवत असेल, तर त्या सगळ्यांचा रंग ठरवायला दर वेळी जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात.

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी लॅपटॉप घेऊन घरी आला. त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एक घन फिरत होता, पण दिवा समोर असूनही त्याची एक बाजू काळीकुट्ट दिसत होती. पृष्ठभागावर काटकोनात उभा असलेला व्हेक्टर (दिशा दाखवणारा बाण) आणि दिव्याकडे जाणारा व्हेक्टर यांच्या डॉट प्रॉडक्टवरून, म्हणजे दोघांच्या दिशा किती जुळतात हे सांगणाऱ्या गुणाकारावरून, तेथे किती उजेड पडेल ते ठरते, आणि ते उत्तर या बाजूपुरते ऋण, म्हणजे उजेड नाही असे, येत होते. तो पहिला व्हेक्टर दोन कडांच्या क्रॉस प्रॉडक्टने, म्हणजे दोघींना काटकोनात असलेली दिशा देणाऱ्या गुणाकाराने, काढतात; तो घेताना कडांचा क्रम उलटा झाल्यामुळे तो व्हेक्टर घनाच्या आत तोंड करून बसला होता. क्रम बदलताच बाजू उजळली. ‘क्रम बदलला की चिन्ह बदलते’ हे वाक्य मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले. त्याचा असा उपयोग मला निवृत्तीनंतर पाहायला मिळाला, हे कबूल करतो.

अभियांत्रिकीला कॉम्प्युटर ग्राफिक्स हा विषय असतो, पण ब्रेसेनहॅम यांची 1962 मधील, पडद्यावरच्या बिंदूंतून रेषा काढण्याची रीत अनेकदा परीक्षेपुरतीच घोकली जाते. वास्तविक शिकण्याचे साधन फुकट उपलब्ध आहे. लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून 2002 मध्ये ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) सर्वांसाठी खुला करण्यात आला; तो भुसावळला बसूनही वाचता येतो, आणि त्यातील एखादी लहानशी चूक दुरुस्त करून पाठवलेली असेल तर नोकरीच्या मुलाखतीत ती माझ्या मते कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलेल.

(आमच्या चाळीसगावजवळ पाटण येथे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. त्याच तालुक्यात आज अकरावीला गणित सोडता येईल का, असे मुले प्रवेशाच्या रांगेतच विचारतात.)

आपल्या करिअरविषयक पानावर ग्राफिक डिझाइन आणि ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग यांची माहिती स्वतंत्र चौकटींत द्यावी, आणि दुसऱ्या चौकटीत बारावीपर्यंतचे गणित आवश्यक असल्याचे ठळकपणे छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
चाळीसगाव, जि. जळगाव